दृक्प्रत्ययाची परंपरा



मकरसंक्रांत जानेवारीच्या चौदा-पंधरा तारखेस येते, हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. पण ज्या घरी टिळक पंचांग पाळले जाते, त्या घरची संक्रांत दहा तारखेच्या सुमारासच होऊन जाते. सूर्य एक, आकाश एक, आणि तिळगुळाचे दिवस मात्र दोन! असे का व्हावे?

याचे उत्तर एका अंधुक ताऱ्यापाशी आहे. राशिचक्र हे वर्तुळ आहे आणि वर्तुळाला स्वतःचा आरंभ नसतो. तो आपणच कोठेतरी मानावा लागतो. एका पक्षाने तो रेवती नक्षत्राच्या योगताऱ्यापाशी मानला. मीन राशीतील हा तारा सुमारे पाचव्या प्रतीचा, म्हणजे स्वच्छ अंधाऱ्या रात्रीही निरखून पाहावा तेव्हा दिसणारा. दुसऱ्या पक्षाने पहिल्या प्रतीचा ठसठशीत चित्रा तारा प्रमाण धरला आणि त्याच्या बरोबर समोरचा बिंदू आरंभस्थान ठरविला. या दोन आरंभांत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो. म्हणून संक्रांतीत चार दिवसांचा फरक पडतो आणि एखादे वर्षी अधिक महिनाही निराळा येतो.

हा वाद ज्योतिषांचा, त्याचे आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. परंतु मला आज जे सांगावयाचे आहे ते याच वादातून निघते. आपल्याकडे हौशी आकाशनिरीक्षण हे दुर्बिणीबरोबर विलायतेहून आले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. दुर्बीण तिकडून आली हे खरे. पण गणिताने जे सांगितले ते डोळ्यांना दिसते की नाही हे पाहण्याची, म्हणजे ज्याला आपले जुने ग्रंथकार दृक्प्रत्यय म्हणत त्याची ओढ येथलीच आहे. पंचांगाच्या भांडणाने ती जागी ठेवली.

या कथेचा आरंभ कोकणच्या किनाऱ्यावर होतो. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावी पंधराव्या शतकाच्या अखेरीस केशव दैवज्ञ राहत होते. १४९६ च्या सुमारास त्यांनी ‘ग्रहकौतुक’ रचले. निरनिराळ्या सिद्धांतांवरून काढलेली ग्रहांची स्थाने आणि आकाशात दिसणारी स्थाने जुळत नाहीत, हे त्यांनी स्वतः वेध घेऊन पाहिले आणि कोणता ग्रह किती चुकतो हे लिहूनही ठेवले. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ केला. त्यात ज्यांची उपद्व्यापी कोष्टके टाळून ग्रहगणित इतके सुटसुटीत केले होते की पुढे तीन शतकांहून अधिक काळ महाराष्ट्रातील पंचांगे त्यावरच निघत राहिली.

येथे गंमत अशी झाली की, जो ग्रंथ आकाश पाहून दुरुस्त केलेल्या गणितावर उभा होता, त्याच्याच भरवशावर पुढच्या पिढ्यांनी आकाश पाहणे सोडून दिले. कोणत्याही गणितात ग्रहांच्या गतीची चूक अत्यल्प असली तरी ती वर्षावर्षाने साचत जाते. घड्याळ रोज एक क्षण मागे पडले, तर पहिल्या आठवड्यात कोणाच्या ध्यानात येत नाही. शंभर वर्षांनी मात्र दुपारी पहाट होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांच्यात असाच दुरावा पडला होता.

तो दूर करण्याचा उद्योग केरो लक्ष्मण छत्रे यांनी आरंभिला. केरूनानांनी तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केले होते, त्यामुळे वेध म्हणजे काय हे त्यांनी हातांनी अनुभवले होते. १८६० मध्ये त्यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले, आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने नवे पंचांग काढले. पटवर्धनी पंचांग ते हेच. त्यांनी रेवतीचा तारा आरंभस्थान मानला. पुढे त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी हाच पक्ष उचलून धरला.

लोकांनी हे पंचांग एकदम स्वीकारले नाही. एकादशी कोणत्या दिवशी धरावी, श्राद्धाची तिथी कोणती, असे प्रश्न घराघरांत उभे राहिले. एरवी नभाकडे मान वर न करणारा मनुष्यही ग्रहणाच्या दिवशी घड्याळ हाती घेऊन, कोणत्या पंचांगाचा स्पर्शकाल खरा ठरतो हे पाहू लागला. माझ्या मते महाराष्ट्रातील हौशी निरीक्षकाचा खरा जन्म या अंगणात झाला. त्याच्यापाशी दुर्बीण नव्हती, पण एक प्रश्न होता, आणि त्याचा निवाडा आकाशाकडे मागण्याचे धैर्य होते.

या काळातील दोन शिक्षकांची नावे आदराने घेतली पाहिजेत. पहिले शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म दापोलीजवळच्या मुरूडचा, पोटापाण्याचा व्यवसाय शिक्षकाचा. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये छापून निघाला आणि दोनच वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिशीत ते वारले. आपल्या ज्योतिषाचा इतका साधार आणि निर्भीड इतिहास त्यापूर्वी कोणी लिहिला नव्हता. केशव दैवज्ञांच्या वेधांचे मोल आपल्याला त्यांच्यामुळेच कळले. दुसरे व्यंकटेश बापूजी केतकर, बागलकोटचे शिक्षक आणि चित्रापक्षाचे खंदे पुरस्कर्ते. नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावा असे गणित त्यांनी मांडले आणि १९११ मध्ये ते फ्रान्समधील ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाले. त्यांनी ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३९ पट वर्तविले होते. १९३० मध्ये सापडलेल्या प्लूटोचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट भरले. या जुळणीवरून त्यांनी प्लूटो शोधला असे म्हणणे योग्य होणार नाही; असल्या गणितात योगायोगाचा वाटा मोठा असतो, आणि २००६ पासून प्लूटोची गणना खुजा ग्रह म्हणून होते. पण आडगावच्या शाळामास्तराने जगाच्या विद्वत्सभेत आपले गणित निःशंकपणे ठेवावे, हे धैर्य विसरण्याजोगे नाही.

आता यंत्रांकडे येऊ. १८८८ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. भावनगरच्या महाराजांनी देणगी दिली आणि प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती उभी केली. तेथील वीस इंची परावर्ती दुर्बीण ही त्या वेळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया महाराष्ट्रावरून गेली, तेव्हा नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून सूर्याच्या प्रभामंडलाचे वेध घेतले. त्याच दिवशी इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर होते.

विजयदुर्गाचे नाव निघाले म्हणून थोडे थांबतो. १८६८ च्या ग्रहणात लॉकियरने याच किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु १८६८ साली लॉकियर इंग्लंडात होते. त्या वर्षीच्या १८ ऑगस्टच्या ग्रहणाचे प्रसिद्ध वेध फ्रान्सच्या जान्सेन यांनी गुंटूर येथे घेतले. लॉकियरनी ऑक्टोबरात, ग्रहणाशिवायच, इंग्लंडातून सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला आणि त्यातील पिवळी रेषा नव्या मूलद्रव्याची आहे असे पुढे प्रतिपादन केले. विजयदुर्गावर ते आले तीस वर्षांनी. दोन ग्रहणे लोकांच्या आठवणीत एक झाली, एवढेच. ज्या गोष्टीची नोंद असते तिचे असे होत नाही. झालेच तर दुरुस्त करता येते. म्हणून पाहण्याइतकेच लिहून ठेवण्याला महत्त्व आहे.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले. वेधशाळा बंद करण्यात आली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. एका माणसाबरोबर एक संस्था संपली. पुण्यासारख्या विद्येच्या गावातून देशातील सर्वांत मोठी दुर्बीण निघून गेली, आणि ती ठेवून घेण्यास गावात कोणतेही मंडळ नव्हते.

त्याच वर्षी तिकडे बंगालमधील जेसोर येथे राधागोविंद चंद्र नावाच्या एका गृहस्थाने विलायतेहून तीन इंची दुर्बीण मागविली. हे गृहस्थ प्रवेशपरीक्षेत वारंवार नापास झालेले आणि सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची अल्प पगाराची नोकरी करणारे. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू पाहून त्यांना आकाशाचा नाद लागला होता. जून १९१८ मध्ये गरुड राशीत अचानक एक नवतारा उजळला, तो त्यांनी स्वतंत्रपणे टिपला आणि आपली निरीक्षणे अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेस कळविली. त्यातून रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकन संस्थेशी त्यांचा संबंध जुळला. ही संस्था १९११ मध्ये ऑल्कॉट नावाच्या एका वकिलाने, म्हणजे हौशी माणसानेच, काढली होती. १९१९ ते १९५४ या काळात राधागोविंदांनी तिच्याकडे सुमारे ३७,००० निरीक्षणे पाठविली. त्यांचे काम पाहून संस्थेने १९२६ मध्ये त्यांच्यासाठी सहा इंची दुर्बीण समुद्रापार धाडली. फाळणीनंतर घरदार सुटले, ते कलकत्त्याजवळ बारासात येथे राहू लागले. १९७५ मध्ये वारले. त्यांची दुर्बीण पुढे वेणू बापू यांच्या हाती आणि तेथून कावलूरच्या वेधशाळेत पोहोचली.

जेसोर आणि पुणे यांत फरक कोणता? पुण्याला वीस इंची दुर्बीण होती, पण तिच्यामागे नागरिकांचा समूह नव्हता. जेसोरला तीन इंची नळी होती, पण तिच्यामागे, जरी तो सातासमुद्रांपलीकडे असला तरी, एक समूह होता; पाठविलेली नोंद कोणी तरी वाचील, पडताळील आणि जपून ठेवील असा विश्वास होता. एकट्याची हौस त्याच्याबरोबर संपते. मंडळाच्या दप्तरात गेलेली नोंद टिकते.

पुण्यातील ही उणीव बत्तीस वर्षांनी भरून निघाली. २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची भारतातील सर्वांत जुनी संस्था म्हणून ती ओळखली जाते. पुढे हॅलेचा धूमकेतू १९८६ साली परत आला त्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ पुढे आले, आणि नंतर गावोगावी अशी मंडळे निघाली.

अशी मंडळे करतात काय? अमावास्येच्या आसपास गावाबाहेरच्या माळावर जमणे, नवख्यांना नक्षत्रे ओळखण्यास शिकविणे, उल्कावर्षावाच्या रात्री दर तासाच्या उल्का मोजणे, ही नेहमीची कामे. काही जण दुर्बिणीचा आरसा स्वतः घासतात. काचेच्या दोन जाड चकत्या एकावर एक ठेवावयाच्या, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी घालावयाचे, आणि तासन्‌तास पुढे-मागे घासत राहावयाचे. वरची चकती हळूहळू खोलगट होते आणि खालची फुगीर. ही विद्या पुस्तकापेक्षा शेजारी बसलेल्या माणसाकडूनच लवकर येते, आणि मंडळ हवे ते यासाठीही.

पण मंडळांनी केलेले सर्वांत मोठे काम मला वेगळे वाटते. १६ फेब्रुवारी १९८० रोजी सूर्यग्रहण झाले, तेव्हा आपल्या शहरांतील भरदुपारचे रस्ते ओस पडले होते. लोक दारे-खिडक्या लावून घरात बसले होते. २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणाला हजारो माणसे सुरक्षित चष्मे घेऊन मैदानांत आली. पंधरा वर्षांत घडलेल्या या पालटाचे श्रेय शाळा, वर्तमानपत्रे आणि दूरदर्शन यांच्याबरोबर गावोगावच्या या मंडळींना आहे. ग्रहणाच्या स्पर्शकालासाठी घड्याळ घेऊन अंगणात उभ्या राहिलेल्या आजोबांचीच ही नातवंडे होत.

डोळ्यांनी पाहण्यासारखे आता काय उरले आहे, असा प्रश्न विचारला जातो. मृग नक्षत्रातील तांबूस काक्षी तारा आपल्या परिचयाचा आहे. २०१९ च्या अखेरीस तो मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचे तेज नेहमीच्या निम्म्याहूनही कमी झाले. ताऱ्याने बाहेर फेकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आड आली, असे त्याचे कारण मुख्यतः सांगितले जाते. हे मंदावणे शेजारच्या ताऱ्यांशी नुसत्या डोळ्यांनी तुलना करून गच्चीवरून टिपता येत होते. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी ते टिपले. मोठ्या दुर्बिणींना इतका तेजस्वी तारा पाहणे उलट अडचणीचेच जाते.

मात्र गच्चीवरून दिसणाऱ्या ताऱ्यांची संख्या दरवर्षी घटते आहे, आणि दोष ताऱ्यांचा नाही. आपण दिवे रस्त्यासाठी लावतो आणि त्यांचा बराचसा उजेड आकाशात सोडतो. दिव्याला वरून झाकण घालणे आणि गरज नसेल तेव्हा तो विझविणे, इतकेच करावयाचे असते. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आनंदाची गोष्ट आहे; पण काळोख पाहावयास आता वाघाच्या जंगलात जावे लागते, हेही त्यात आलेच.

ज्या रेवतीच्या ताऱ्यावरून आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला, तो आज आपल्या शहरातून डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या नावाने संक्रांत करणारे आहेत आणि तिला विरोध करणारेही आहेत; तारा मात्र फार थोड्यांनी पाहिला असेल. कार्तिकातील एखाद्या अमावास्येला, एखाद्या मंडळाबरोबर गावापासून दूर जाऊन तो शोधावा, अशी माझी आपल्याला विनंती आहे. बरोबर एक वही आणि पेन्सिल न्यावी. तारा दिसला तर तारीख, वेळ आणि ठिकाण लिहावे. नाही दिसला, तर तेही लिहावे.