लाकडी रॅकेट, तात आणि आजचे आकडे

आमच्या आर्णीसारख्या गावात बॅडमिंटन खेळणारे बहुतेक हौशीच. संध्याकाळी अंगणात नाहीतर गल्लीत, दोन खांबांना दोरी बांधून. नवी रॅकेट घ्यायला गेले की बिचारे गोंधळतात. प्रत्येकीवर '४यू', 'जी५' असलं काहीबाही लिहिलेलं, आणि भाव शेकड्यांपासून थेट हजारांपर्यंत. हे आकडे कुठून आले ते कळलं की निवड सोपी होते. म्हणून थोडा इतिहास. (मास्तर रिटायर झाला तरी फळा सुटत नाही!)

या खेळाचा आणि पुण्याचा संबंध जुना. तिथल्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळत म्हणून त्याला 'पूना' असंच नाव पडलं होतं. १८७३ च्या सुमारास पहिले नियमही तिथेच लिहिले गेले असं सांगतात. 'बॅडमिंटन' हे नाव मात्र इंग्लंडमधल्या एका ड्यूकच्या वाड्याचं.

सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगर स्पर्धा जिंकली. परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. त्या काळी रॅकेटची चौकट लाकडाची असे आणि जाळी तातीची, म्हणजे जनावराच्या आतड्याची. पावसाळ्यात लाकूड ओल धरून वाकायचं. म्हणून खेळ संपला की रॅकेट चार स्क्रूंच्या लाकडी प्रेसमध्ये कसून ठेवायची. वजन शंभर ग्रॅमच्या पुढे. एवढं वजन फिरवायचं म्हणजे मनगट हवं, नाटेकरांचं होतंही तसंच!

जपानच्या योनेक्स कंपनीची गोष्ट मजेदार आहे. मिनोरू योनेयामांनी १९४६ साली मासेमारीच्या जाळ्यांचे लाकडी तरंगे बनवायला सुरुवात केली. प्लास्टिकचे तरंगे आले आणि धंदा बसला. मग १९५७ पासून ते बॅडमिंटनच्या लाकडी रॅकेटा बनवू लागले. पण इथेही लाकूड टिकलं नाही. पोलादाची दांडी आली, ॲल्युमिनियमची चौकट आली, शेवटी कार्बन आला. आता रॅकेट नव्वद ग्रॅमच्या आत असते, आणि दोन-चार ग्रॅमचा फरकसुद्धा हाताला कळतो. 'यू' हा त्याच वजनाचा आकडा. ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४. आकडा मोठा, रॅकेट हलकी. 'जी' हा मुठीचा आकडा, तोही बहुतेक कंपन्यांत उलटाच. जी५ ची मूठ जी४ पेक्षा बारीक.

आता माझं मत. हौशी माणसाने ४यू घ्यावी, दांडी लवचिक, तोल मधोमध. टीव्हीवरच्या खेळाडूंची रॅकेट ताठ दांडीची असते आणि जाळी खूप कसलेली. तिचा फायदा हात विजेसारखा फिरला तरच. आपला हात तसा फिरत नाही, मग फूल पलीकडे जात नाही आणि जोर लावून खांदा धरतो. साठी ओलांडलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. जाळी वीस-बावीस पौंडांनी ताणलेली पुरे. फक्त नातवंडांबरोबर अंगणातच खेळायचं असेल तर साधी पोलादी जोडीही चालते, कारण तिथे वाराच जास्त खेळतो.

आणि मूठ बारीकच घ्या. वरून पट्टी गुंडाळून ती जाड करता येते, जाडीची बारीक करता येत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या घामात ती पट्टी लागतेच.