मेणबत्तीवर नेम

अमेरिकेच्या केंटकी राज्यात ग्रीन नदीच्या काठी एका रात्री पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबन मुक्कामाला होता. अंधारात बंदुकांचे बार ऐकू येऊ लागले, तसा तो पाहायला गेला. दहा-बारा धट्टेकट्टे गडी जमले होते आणि पन्नास यार्डांवर एक मेणबत्ती जळत होती. गोळीने वातीचा जळका शेंडा उडवायचा, पण ज्योत विझू द्यायची नाही, असा तो डाव होता. मेणबत्तीपासून काही पावलांवर एक माणूस उभा होता. कोणाची गोळी कुठे लागली ते पाहायचं, विझली तर मेणबत्ती पुन्हा पेटवायची आणि तुटली तर नवी लावायची, हे त्याचं काम. एका पट्ठ्याने सातांपैकी तीन वेळा शेंडा अचूक कापला. उरलेल्या वेळी त्याच्या गोळीने मेणबत्ती विझली, नाहीतर ज्योतीच्या लगेच खाली तुटली.

1831 मध्ये छापलेल्या लेखात ऑड्युबनने या खेळामागचं कारणही सांगितलं आहे. रात्री मशाल घेऊन जंगलात शिरलं की हरणाचे किंवा लांडग्याचे डोळे चमकतात. अंग दिसत नाही, बंदुकीची माशीही धड दिसत नाही. दिसतात ते फक्त प्रकाशाचे दोन ठिपके. त्यांवर गोळी घालायची तर हाताला आधीच सवय हवी. शिकारीत जी अडचण येणार, तीच सरावात मुद्दाम मांडून ठेवायची, ही या लोकांची पद्धत होती. ठासणीच्या बंदुकीची खरी विद्या त्यात दिसते.

ही विद्या एवढी मोलाची का, याचं उत्तर बंदुकीच्या घडणीत सापडतं. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परिसरात जर्मन वंशाच्या कारागिरांनी आपल्या आखूड, जाड नळीच्या युरोपीय रायफलीला नवं रूप दिलं. नळी चाळीस इंचांच्या पुढे गेली, भोक लहान झालं. एक पौंड शिशात सैनिकी मस्केटच्या साधारण 14 गोळ्या होत, 0.45 इंच भोकाच्या लांब रायफलीच्या पन्नासच्या आसपास होत. दुकानापासून आठवडेच्या आठवडे लांब राहणाऱ्या माणसाला हा फरक जगवणारा होता. पण नळीच्या आतल्या आट्यांत गोळी घट्ट बसवायची तर ती चरबी लावलेल्या चिंधीत गुंडाळून गजाने तळापर्यंत ठासावी लागे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कामाचा वेळखाऊपणा वेगळा सांगायला नको. दुसरा बार भरेपर्यंत हरीण डोंगरापार झालेलं असे.

म्हणून सगळी मेहनत पहिल्या गोळीवर. फळीत दोन-तृतीयांश ठोकलेला खिळा सुमारे चाळीस पावलांवरून गोळीने पुरता आत बसवायचा, हाही केंटकीचा आवडता खेळ. गोळी खिळ्याच्या अगदी जवळून गेली तरी तो नेमबाज सुमारच ठरे. खिळा वाकवला तर थोडं बरं. माथ्यावरच बसली तरच समाधान. दारूचं मापही सोपं होतं. तळहातावर गोळी ठेवायची आणि ती झाकली जाईपर्यंत शिंगातून दारू ओतायची. शंभर यार्डांच्या आतल्या कोणत्याही अंतराला तेवढी पुरते, असं ते मानत.

ऑड्युबन आणखी एक प्रसंग सांगतो. नामांकित शिकारी डॅनियल बूनने केंटकीतल्याच फ्रँकफर्टजवळ त्याच्यासमोर खारीवर नेम धरला, तो थेट तिच्या अंगावर नव्हे, तर तिच्या पायाखालच्या सालीवर. सालीच्या ठिकऱ्या उडाल्या आणि नुसत्या धक्क्याने खार मेली. मांस शाबूत राहिलं. या भेटीवर इतिहासकार शंका घेतात, कारण बून 1799 मध्येच मिसूरीकडे निघून गेला होता. शिकारी मात्र अशी खार मारत, आणि त्यामागचा हिशेब उघड आहे: एवढ्याशा जनावरावर गोळी थेट बसली तर खायला काय उरणार?

चकमकीच्या बंदुकीत आणखी एक अडचण होती. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी पडून रंजक पेटतं, मग नळीच्या कानातून, म्हणजे बारीक छिद्रातून, जाळ आत शिरतो आणि बार उडतो. या सगळ्यात क्षणभर जातो. तेवढा वेळ नाकासमोर भडका उडत असताना नेम ढळू न देणं फार कठीण, आणि ते सरावानेच जमतं. जनावरालाही हा भडका दिसतो. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वीचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ बदकांच्या शिकारीचे शौकीन होते. रंजकाचा भडका पाहून पाखरं गोळीआधीच निसटतात, हे त्यांना खटकत राहिलं. त्यांनी आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग करून 1807 मध्ये पेटंट घेतलं. तांब्याच्या टोपीची बंदूक त्याच वाटेने पुढे आली आणि काही दशकांत जगभरच्या फौजांनी ती उचलली. एवढ्या मोठ्या बदलाचं मूळ पाणथळीवरच्या एका शिकाऱ्याच्या निरीक्षणात होतं, हे विसरता कामा नये.

अमेरिकेच्या दक्षिणेकडे गोऱ्ह्यासाठी पैज लावून नेमबाजी चाले. मांसाचे चार वाटे आणि कातडं-चरबीचा पाचवा, अशी बक्षिसं. टेनेसीतल्या पॉल मॉल गावात 1887 साली जन्मलेला अल्विन यॉर्क याच मैदानांवर घडला. तिथे ओंडक्याआड टर्की बांधत. वर-खाली होणारं तिचं डोकं तेवढं दिसे, आणि नेम त्यावरच. पहिल्या महायुद्धात, 8 ऑक्टोबर 1918 रोजी, फ्रान्सच्या आर्गोन जंगलात संगिनी रोखून जर्मन सैनिक त्याच्यावर धावून आले, तेव्हा त्याने सर्वांत मागच्यापासून एकेकाला टिपलं. रानटर्कीच्या थव्यावर गावी असंच करतात, कारण पुढच्यांना मागे काय झालं ते कळत नाही, असं त्याने नंतर सांगितलं. त्या दिवशी 132 कैदी घेऊन त्याची तुकडी परतली.

तोवर ठासणीची बंदूक मागे पडली होती. 1933 मध्ये ठासणीच्या रायफलींचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी त्याच्या स्पर्धा भरू लागल्या. पेनसिल्व्हेनियाने 1974 मध्ये चकमकीच्या बंदुकीसाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम सुरू केला. आता तो नाताळानंतर भर हिवाळ्यात असतो. बर्फ, धुकं, रिमझिम. काळ्या दारूची राख ओलावा ओढून घेते आणि रंजकाचा चिखल होतो. चाप-घोड्यावर मेण किंवा चरबी चोपडलेलं चामड्याचं झाकण बांधतात ते यासाठीच.

उन्हाळ्यात मेजावर बंदूक टेकवून सलग वीस गोळ्या झाडणाऱ्याला या हंगामासाठी फारसं काही शिकायला मिळत नाही. स्वच्छ नळीची पहिली गोळी आणि राख बसलेल्या नळीची पुढची गोळी एकाच जागी लागेल असं नसतं, आणि शिकारीत पहिलीच कामाची. म्हणून जाणते लोक थंड, पुसलेल्या नळीने एकच गोळी झाडतात, ती कुठे लागली ते लिहून ठेवतात आणि त्या दिवशी पुन्हा नेम धरत नाहीत. जाड कोट अंगात घालून, कारण त्यात दस्ता अडकतो. गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, अंतर डोळ्यांनी मोजून. बार उडाला की समोर धुराचा पडदा उभा राहतो. जनावर कुठे उभं होतं आणि कुठल्या बाजूला गेलं हे त्याआधीच डोळ्यांत धरून ठेवावं लागतं. माग काढायला निघण्यापूर्वी बंदूक पुन्हा भरायची असते. गार पडलेल्या बोटांनी, शिंगाकडे न पाहता.