ब्लडलाइन्स: कंपनी बुडाली, पॅच चालूच राहिला

२००४ सालचा एक गेम मूळ रूपात, कुठलाही पॅच न लावता, आजच्या लॅपटॉपवर टाकून बघा. सोळा जीबी रॅम आहे, गेम सुरू करायला जावं तर खिडकी उघडते आणि म्हणते, मेमरी १५ एमबीपेक्षा कमी आहे! हसावं की रडावं कळत नाही.

गेमचं नाव 'व्हॅम्पायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स'. लॉस एंजेलिसमधले रक्तपिपासू, त्यांच्या टोळ्या, त्यांचं राजकारण, आणि त्यात नुकतेच व्हॅम्पायर झालेले आपण. संवादांच्या बाबतीत याच्या तोडीचे रोल-प्लेइंग गेम फार थोडे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी त्या एररचं बघू, कारण मजा तिथेच आहे. मशीनमध्ये मेमरी किती हे विचारायला विंडोजमध्ये एक जुनं फंक्शन होतं आणि ते उत्तर ३२ बिटांत द्यायचं. ४ जीबीपेक्षा जास्त मेमरी त्या आकड्यात मावतच नाही. मग ते फंक्शन काय करतं? मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रांत लिहिलंय की अशा वेळी ते उणे एक परत देऊ शकतं. आता उणे एक हा पंधरापेक्षा लहान आहे हे शाळेतलं पोरही सांगेल. म्हणजे मेमरी इतकी जास्त झाली की गेमच्या लेखी ती संपलीच! २००४ मध्ये घरच्या पीसीत ५१२ एमबी असली तरी लोक कॉलर ताठ करून फिरायचे, त्यामुळे त्या प्रोग्रामरला दोष देण्यात अर्थ नाही. आपण आज लिहितो त्या कोडमध्ये असे किती उणे एक लपलेत कोण जाणे.

पण याहून साधे बग ज्यांनी दुरुस्त करायचे ती कंपनीच गेम आल्यावर चार महिन्यांच्या आत बंद पडली, आणि ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

'फॉलआउट' (१९९७) बनवणारे टिम केन, लेनर्ड बॉयार्स्की आणि जेसन अँडरसन इंटरप्ले सोडून बाहेर पडले आणि १९९८ मध्ये त्यांनी ट्रॉइका गेम्स काढली. तिघं म्हणून ट्रॉइका. एकूण तीनच गेम त्यांच्या हातून झाले: २००१ चा 'आर्केनम', २००३ चा 'टेंपल ऑफ एलिमेंटल ईव्हिल' आणि हा ब्लडलाइन्स. तिन्हींची कीर्ती एकच, कल्पना अफाट आणि बग त्याहून अफाट :)

ब्लडलाइन्ससाठी त्यांनी व्हॉल्वचं सोर्स इंजिन घेतलं. ते इंजिन तेव्हा तयार नव्हतं, 'हाफ-लाइफ २' सोबत घडत होतं. म्हणजे आपण ज्या लायब्ररीवर इमारत उभी करतोय ती रोज पायाखालून बदलतेय. ज्यांनी हे ऑफिसात भोगलंय त्यांना जास्त सांगायला नको. वर करारातली अट अशी की हाफ-लाइफ २ च्या आधी हा गेम बाजारात आणायचा नाही. हाफ-लाइफ २ ची घोषित तारीख होती ३० सप्टेंबर २००३. ती हुकली, त्याचा सोर्स कोड चोरीला गेला, गाडं वर्षभराहून जास्त लांबलं. शेवटी १६ नोव्हेंबर २००४ ला तो आला, आणि प्रकाशक ऍक्टिव्हिजनने ब्लडलाइन्सही त्याच दिवशी सोडला! वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गेमसमोर, त्याच्याच इंजिनावर. व्हायचं तेच झालं, खप पडला.

आणि बग तर होतेच. सगळ्यात कुप्रसिद्ध म्हणजे होडीचा. सोसायटी ऑफ लिओपोल्डच्या मठातून प्राध्यापकाला सोडवून होडीने निघायचं, की गेम धाडकन बंद. पुढची कथा अडकली. कन्सोलमध्ये कमांड देऊन लोक पुढच्या नकाशावर उडी मारत. डिसेंबर २००४ मध्ये अधिकृत १.२ पॅच आला, होडी सुटली. फेब्रुवारी २००५ मध्ये ट्रॉइका बंद. पुढचा अधिकृत पॅच कधी आलाच नाही.

मग डॅन अपराइट नावाच्या चाहत्याने दुरुस्त्या सुरू केल्या आणि त्याच्याकडून ते काम वेर्नर श्पाल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाकडे आलं. माणूस पेशाने प्रोग्रामर नाही, हे लक्षात घ्या. सोर्स कोड हाताशी नाही. पण गेमचं बरंचसं तर्कशास्त्र पायथन स्क्रिप्टमध्ये होतं, संवाद वेगळ्या फायलींत होते, आणि पॅक केलेल्या फायलींपेक्षा बाहेर ठेवलेल्या फायलींना इंजिन प्राधान्य द्यायचं. एवढ्या फटीतून त्याने हात घातला. जे स्क्रिप्टने होत नव्हतं, जसं की ते मेमरीचं प्रकरण, तिथे इतरांची मदत घेऊन थेट बायनरीवर इलाज केला.

इथे भांडणही झालं, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. फायली चाळताना ट्रॉइकाने अर्धवट सोडलेल्या गोष्टी सापडू लागल्या, आणि श्पालने त्या परत जोडायला घेतल्या. काही लोक चिडले. त्यांचं म्हणणं, बग काढ, गेम बदलू नकोस. प्रश्न रास्त आहे. मूळ मालक हयात नसताना, डिझायनरने मुद्दाम काढलेलं काय आणि वेळ नाही म्हणून राहिलेलं काय, हे ठरवणार कोण? तोडगा असा निघाला की इन्स्टॉलर दोन पर्याय देतो: बेसिक म्हणजे फक्त दुरुस्त्या, प्लस म्हणजे दुरुस्त्या आणि जोडलेला भाग. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा बेसिकच. ट्रॉइकाचा गेम आधी बघा, श्पालचा नंतर.

टाकताना दोन गोष्टी सांभाळा. गेम प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका. सेव्ह तो आपल्याच फोल्डरमध्ये लिहितो आणि व्हिस्टापासून विंडोज तिथे लिहू देत नाही किंवा गुपचूप दुसरीकडे वळवतं. सीच्या मुळाशी साधं फोल्डर करा. दुसरं, अर्धा खेळ झाल्यावर पॅच बदलू नका. जुने सेव्ह नव्या स्क्रिप्टशी जुळतीलच असं नाही.

एवढी खटपट नको असेल तर गॉगवर २०१६ पासून मिळणाऱ्या प्रतीत अनधिकृत पॅच आधीच घातलेला आहे. म्हणजे बघा, दुकान पैसे घेऊन जे विकतं ते चालतं एका परक्या माणसाच्या फुकट कामावर. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्लडलाइन्स २ आला, वेगळ्या कंपनीचा. तोपर्यंत पहिल्याच्या अनधिकृत पॅचचा आकडा अकराच्या घरात पोचला होता.

आणि हो, पहिल्या खेपेला मॅल्केव्हियन कुळ घेऊ नका. ते वेड्यासारखं बडबडतात आणि त्या बडबडीत पुढची कथा फोडतात. कथा माहीत झाल्यावर, दुसऱ्या खेपेला घ्या.