मराठवाड्यातील सोयाबीन आणि टोफू : पीक व आहार यांमधील अंतराचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या मार्गावरील शेंद्रा हे गाव आज औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. याच मार्गाने पुढे गेल्यास जालना, परभणी, हिंगोली, नांदेड आणि दक्षिणेस लातूर हा काळ्या जमिनीचा पट्टा लागतो. गेल्या तीन दशकांत या पट्ट्यातील खरीप हंगामाचे स्वरूप सोयाबीनने पालटून टाकले. मात्र या धान्यापासून तयार होणारा आणि पूर्व आशियात शतकानुशतके नित्याच्या आहाराचा भाग असलेला टोफू येथे 'सोया पनीर' या उसन्या नावानेच, तोही प्रामुख्याने शहरी दुकानांत व उपाहारगृहांत, आढळतो. जो प्रदेश सोयाबीन पिकवतो तो ते खात का नाही, या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

टोफूचे स्वरूप :

सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून व गाळून काढलेले दूध साकळवले आणि चोथ्यावेगळा झालेला तो साका दाबून घट्ट केला की टोफू तयार होतो. चिनी परंपरा त्याचे श्रेय इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील हान राजवंशीय राजपुत्र लिऊ आन याला देते. लिखित उल्लेख मात्र इसवी सनाच्या दहाव्या शतकापासून मिळतात. दूध साकळवण्यासाठी चीनमध्ये जिप्सम, जपानमध्ये समुद्रमिठातून निथळणारे 'निगारी' हे क्षारद्रव्य, तर ओकिनावा बेटांवर प्रत्यक्ष समुद्राचे पाणी वापरले गेले. म्हणजेच टोफू हा मूलतः स्थानिक द्रव्यांवर व स्थानिक कसबावर उभा राहिलेला पदार्थ आहे. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

पहिले आगमन – आहार म्हणून :

मराठी भाषकांचा सोयाबीनशी आधुनिक काळातील परिचय आहारसुधारणेच्या निमित्ताने झाला. सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानात १९३० च्या दशकात अन्न सर्वेक्षण कार्यालयाने या धान्याचा प्रचार केला. त्या कार्याशी संबंधित एफ. एस. काळे यांचा सोयाबीनचे आहारमूल्य, लागवड व उपयोग यांविषयीचा इंग्रजी ग्रंथ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. याच सुमारास वर्धा येथील मगनवाडीत, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या केंद्रात, महात्मा गांधींनी सोयाबीनचा आहारात प्रयोग केला आणि १९३५ मध्ये 'हरिजन' पत्रातून त्याची माहिती दिली. गरिबाला स्वस्त व सकस अन्न मिळावे, ही या दोन्ही प्रयत्नांमागील भूमिका होती.

हा प्रयोग मराठी स्वयंपाकघरात रुजला नाही. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असली, तरी तुरी-मुगाप्रमाणे त्याचे वरण सहज शिजत नाही. दाणा वाटताना त्यातील विकरामुळे उग्र वास निर्माण होतो. पचनास अडथळा आणणारे घटक पुरेशा उष्णतेशिवाय निष्प्रभ होत नाहीत. टोफूच्या प्रक्रियेत उकळणे, गाळणे व पाणी निथळून काढणे यांमुळे या अडचणी बऱ्याच अंशी दूर होतात. आपल्याकडे दाणा आला, परंतु त्यासोबत पिढ्यान्‌पिढ्यांचे हे कसब आले नाही.

ईशान्य भारताचे उदाहरण या निष्कर्षास बळकटी देते. नागालँडमधील अखुनी, मणिपूरमधील हवाईजार, मेघालयातील तुंग्रिंबाई आणि सिक्कीममधील किनेमा हे सर्व सोयाबीन आंबवून केलेले पारंपरिक पदार्थ आहेत. जेथे प्रक्रियेचे ज्ञान घराघरांत होते, तेथे सोयाबीन अन्न म्हणून टिकले.

दुसरे आगमन – नगदी पीक म्हणून :

सोयाबीनचे दुसरे आगमन सर्वस्वी निराळ्या कारणाने झाले. १९६० च्या दशकात जबलपूर व पंतनगर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने संशोधन सुरू केले. १९६७ मध्ये अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प, तर १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. जबलपूरच्या 'जेएस ३३५' या वाणाचा प्रसार पुढे महाराष्ट्रातही मोठ्या प्रमाणावर झाला. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था व परभणीचे मराठवाडा कृषी विद्यापीठ यांनीही स्वतंत्र वाण विकसित केले. कमी कालावधीत येणारे आणि पाठोपाठ रब्बीसाठी रान मोकळे करणारे पीक म्हणून शेतकऱ्याने त्याचा स्वीकार केला.

या वेळी सोयाबीनचे गिऱ्हाईक स्वयंपाकघर नव्हते, तेलगिरणी होती. दाण्यात १८ ते २० टक्के असलेले तेल बाजारात गेले आणि प्रथिनयुक्त पेंड पशुखाद्यासाठी वा निर्यातीसाठी गेली. मराठी घरांत परिचित झालेल्या सोयाबीनच्या वड्याही तेल काढून उरलेल्या पिठापासूनच बनतात. उत्पादकाकडे ते अन्न परतले, तेही कारखान्यामार्फत व पाकीटबंद स्वरूपात.

स्थानिक पाककलेचा संदर्भ :

मराठी पाककलेत अशा पदार्थाची कल्पनाच नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. बेसन शिजवून, ताटात थापून, थिजल्यावर कापलेली पाटवडी हा द्विदल धान्याला वडीचे रूप देण्याचाच प्रकार आहे. म्यानमारच्या शान प्रदेशात हरभऱ्याच्या वा वाटाण्याच्या पिठापासून याच पद्धतीने केलेल्या पदार्थास टोफू असेच म्हणतात. फरक एवढाच, की पाटवडीत शिजलेला पिष्टमय भाग थिजतो, तर सोयाबीनच्या टोफूत प्रथिने साकळतात. हरभऱ्याने ती गरज आधीच भागवल्यामुळे नव्या दाण्यासाठी नवे कसब शिकण्याची निकड येथे भासली नाही, असा तर्क करता येतो.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, सोयाबीन या प्रदेशात प्रथम गरिबाचे अन्न म्हणून सुचवले गेले आणि अखेरीस उद्योगाचा कच्चा माल म्हणून स्थिरावले. याची किंमत उत्पादकाला मोजावी लागते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना महाराष्ट्रातील अनेक बाजारपेठांत दर त्याखाली राहिले. कारण हा दर तेल व पेंड यांच्या जागतिक बाजाराशी बांधलेला आहे. टोफूमुळे हा प्रश्न एकाएकी सुटेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि एक किलो दाण्यापासून साधारणतः दीड ते दोन किलो टोफू मिळतो आणि त्यासाठी लागणारी साधने लघुउद्योगाच्या आवाक्यातील आहेत. कुपोषणाची चर्चा ज्या गावांत होते त्याच गावांतून प्रथिनांची पोती बाहेर जातात, ही विसंगती केवळ नवे वाण देऊन दूर होणार नाही. बडोदे व वर्धा येथे अपुरा राहिलेला प्रयत्न पूर्ण करावयाचा असेल, तर बियाण्याच्या जोडीने प्रक्रियेचे ज्ञानही गावापर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.