पहिली रेल्वे कुठून कुठे? उत्तर बरोबर, पण प्रश्न अर्धाच

पोस्ट मोठी आहे. ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर वाचा, नाहीतर रात्री जेवण झाल्यावर.

परवा आमच्या सोसायटीत मुलांची प्रश्नमंजुषा घेतली. पत्रकार म्हणजे सगळं माहीत असणार, या गैरसमजातून प्रश्न काढायचं काम माझ्याकडे आलं. पहिलाच प्रश्न मी सोपा टाकला : भारतातली पहिली रेल्वे कधी आणि कुठून कुठे धावली? वीसेक हात वर. "१६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे!" टाळ्या. मी पुढच्या प्रश्नाकडे वळलो, तेवढ्यात सातवीतली एक मुलगी उभी राहिली. "काका, ठाण्यालाच का थांबली? कल्याणला का नाही आली?"

खरं सांगतो, मी गडबडलो. वीस वर्षं या पट्ट्यात बातमीदारी करतोय, दर १६ एप्रिलला दोन परिच्छेद छापलेत, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. "घरी जाऊन वाचू या हं" म्हणत वेळ मारून नेली. मग घरी येऊन खरंच वाचत बसलो. त्यातून ही पोस्ट.

आधी तिचं उत्तर. गाडी ठाण्याला थांबली, कारण रूळ तिथपर्यंतच झाले होते. पुढे खाडी होती. खाडीवर पूल बांधून कल्याणपर्यंतचा मार्ग सुरू व्हायला १ मे १८५४ उजाडला, म्हणजे वर्षभरानंतर. कंपनीला खरं तर जायचं होतं घाटावर, कापसाच्या मुलखात. ठाणे हा त्या लांबलचक कामाचा पहिला तुकडा. बोरघाटातून गाडी १८६३ मध्ये वर चढली आणि कसाऱ्याचा थळघाट पार झाला १८६५ मध्ये. या दोन्ही वाटा फुटतात कुठे? आपल्या कल्याणला. म्हणून ते जंक्शन.

आता गंमत बघा. "भारतातली पहिली रेल्वे" हे उत्तरही जरा जपून द्यायला हवं. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्ये दगड वाहायला रेल्वे होती. रुडकीला गंगा कालव्याच्या कामावर १८५१ मध्ये वाफेचं इंजिन माती वाहत होतं. ठाण्याचा मान आहे तो पहिल्या प्रवासी गाडीचा. तो मोठाच मान आहे, कुणी हिरावून घेत नाही. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी, ३४ किलोमीटर. आणि एक किस्सा : त्याआधी भायखळ्याला कामासाठी जे इंजिन फिरायचं, त्याला गव्हर्नर लॉर्ड फॉकलंडचं नाव दिलं होतं. प्रत्यक्ष सोहळ्याला मात्र गव्हर्नरसाहेबच गैरहजर! उद्घाटनाला साहेब न येण्याची परंपरा आपल्याकडे बरीच जुनी आहे म्हणायची.

तर मंडळी, सामान्यज्ञानाच्या पुस्तकातल्या एका ओळीमागे एवढं दडलेलं असतं. ती ओळ पाठ झाली की आपण थांबतो, आणि त्यात नेमकं आपलंच गाव हातातून निसटतं. चार उदाहरणं देतो. चारही लोकलच्या अंतरावरची.

पहिलं, ठाण्याचा तुरुंग. १६ एप्रिलला ठाणे स्टेशनची आठवण सगळ्यांना येते. तीनच दिवसांनी १९ एप्रिल येतो आणि गुपचूप जातो. अनंत कान्हेरे म्हटलं की मुलं फटकन सांगतात : नाशिक, कलेक्टर जॅक्सन, विजयानंद थिएटर. बरोबर. पण फाशी कुठे झाली? १९ एप्रिल १९१० रोजी, आपल्या ठाण्याच्या तुरुंगात. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे, तिघांनाही. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्या भिंतीला लागून आपण रोज रिक्षाने जातो.

ती भिंतही मुळात तुरुंगाची नाही, किल्ल्याची आहे. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाच्या आरोपावरून पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इथे कैदेत होते. पहाऱ्याला मुद्दाम गोरे शिपाई, म्हणजे फितुरीचा प्रश्नच नको. पण गोऱ्यांना मराठी कुठे कळत होतं? बाहेर एक मोतद्दार घोड्यांची निगा राखता राखता गाणी म्हणायचा आणि गाण्यातूनच सुटकेचा बेत आत पोचवायचा, असं तेव्हाच्या इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. सप्टेंबर १८१६ मध्ये डेंगळे पसार झाले. मराठी येत नसल्याचा एवढा मोठा फटका ठाण्यात दुसऱ्या कुणाला बसला असेल असं वाटत नाही.

दुसरं, कल्याण. प्रश्न ठरलेला : भारतातली पहिली महिला डॉक्टर? उत्तर : आनंदीबाई जोशी. कल्याणकरांची मान ताठ. असायलाच हवी. ३१ मार्च १८६५ ला कल्याणला जन्मलेली यमुना, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि दहा दिवसांत बाळ गेलं. त्यानंतर ती अमेरिकेला जाऊन ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेते. हे सगळं सिनेमामुळे आता घराघरात माहीत आहे.

पण पुढचा प्रश्न विचारा : तिने किती रुग्ण तपासले? कोल्हापूरच्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली होती, पण क्षयाने तिला ते पद सांभाळूच दिलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या आणि पुढे कित्येक वर्षं त्यांनी रुग्णसेवा केली. मुंबईच्या रखमाबाई विलायतेत शिकून आल्या आणि सुरतेत, राजकोटला आयुष्यभर डॉक्टरकी केली. एका ओळीच्या उत्तरात या दोघींना जागाच उरत नाही. आनंदीबाईंचं मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही. उलट "पहिली" हा शिक्का बाजूला केला की त्या पोरीचं धाडस आणि तिच्या वाट्याला आलेलं दुःख जास्त नीट दिसतं.

कल्याणचंच आणखी एक. आपण म्हणतो रेल्वेने कल्याण मोठं केलं. पण कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत कल्याणची माणसं आहेत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात या बंदराचं नाव येतं. त्यात म्हटलंय की इथे चुकून आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. माल इथे उतरायचा आणि नाणेघाटाने जुन्नरकडे चढायचा. म्हणजे जंक्शन तेव्हाही होतंच, फक्त गाडी बैलांची होती. आणि १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात याच खाडीत केली. आज त्या खाडीकडे बघून हे कुणाला खरं वाटेल?

तिसरं, वाचनालयं. हे सगळं आपल्याला कळलं कुठून? कुणीतरी जपून ठेवलं म्हणून. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. म्हणजे आनंदीबाई जन्मायच्या आधी वर्षभर कल्याणात वाचनालय होतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ चं. ते उभं करण्यात पुढाकार होता विनायक लक्ष्मण भावे यांचा, जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगणाऱ्या 'महाराष्ट्र सारस्वत'चे कर्ते. तेव्हा त्यांचं वय एकवीस. पोटापाण्याला मिठाचा धंदा. दिवसा मीठ आणि उरलेल्या वेळात पोथ्या! आपल्याला प्रश्न पडतो, सर्च करतो, पहिलं उत्तर उचलतो, ग्रुपवर टाकतो. या माणसाने मराठी पुस्तकं नुसती गोळा व्हावीत म्हणून आयुष्य लावलं.

चौथं, डोंबिवली. मुलांना मी विचारलं, गुढीपाडव्याची शोभायात्रा किती जुनी? कुणी म्हणालं शिवकाळातली, एकाने तर थेट शालिवाहन गाठला. अरे बाबांनो, ती माझ्यापेक्षा लहान आहे! गुढी उभारणं जुनं, पण ढोलताशे, फेटे, नऊवारी आणि बुलेट अशी नववर्ष स्वागतयात्रा १९९० च्या दशकाच्या शेवटी डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली. मग ठाणे, गिरगाव, पुणे असं करत ती सगळीकडे पोचली. मी तेव्हा कॉलेजच्या वयात होतो आणि फडके रोडवर गर्दीत उभा होतो. पंचवीस-तीस वर्षांत डोळ्यांदेखत एक नवी गोष्ट "पूर्वापार परंपरा" होऊन बसली. इतिहास कसा तयार होतो हे बघायला शिलालेखच लागतो असं नाही, फडके रोडही पुरतो.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही म्हणाल, पत्रकारसाहेब, यात सार्वजनिक प्रश्न काय? सांगतो. आमच्याकडे नव्वदच्या वर टक्के मिळवणारी मुलं आहेत, स्पर्धा परीक्षांचे क्लास गल्लोगल्ली आहेत आणि रोज सकाळी मोबाइलवर "तुम्हाला हे माहीत आहे का?" येतं. त्यातलं निम्मं कुणीतरी बसल्या जागी रचलेलं असतं. ज्याला पाठांतराची सवय असते त्याला खरी ओळ आणि रचलेली ओळ सारखीच वाटते. दोन्ही छोट्या, दोन्ही ठासून सांगितलेल्या. हीच सवय पुढे निवडणुकीत, पाण्याच्या बिलात, पुलाच्या भूमिपूजनाच्या फलकावरही राहते. फलकावर लिहिलंय ना, मग झालं! "काम किती दिवसांत होणार? इथेच का थांबलंय?" हे विचारायचं राहून जातं. सातवीतल्या मुलीने मला जे विचारलं, तेच आपण प्रत्येक अर्धवट पुलाखाली उभं राहून विचारायला हवं.

माझीही चूक कबूल करतो. "भारतातली पहिली रेल्वे" हे मी स्वतः कित्येकदा छापलंय. "प्रवासी" हा एक शब्द घालायला जागा कमी पडत नव्हती. लक्ष कमी पडलं.

म्हणून पुढच्या वेळी आमच्या प्रश्नमंजुषेत नियम बदलतोय. बरोबर उत्तराला एक गुण. त्या उत्तरावर चांगला प्रश्न विचारला तर दोन. पहिले दोन गुण त्या मुलीचे आधीच नोंदवून ठेवलेत.

जाता जाता तिच्यासाठी आणि तुमच्यासाठी एक गोष्ट. शुक्र ग्रहावर एका विवराला आनंदीबाईंवरून 'जोशी' नाव दिलेलं आहे. त्याचा व्यास सुमारे ३४ किलोमीटर. म्हणजे जेवढं अंतर ती पहिली प्रवासी गाडी धावली, जवळपास तेवढंच. योगायोग आहे, दुसरं काही नाही. पण कल्याणची एक मुलगी शुक्रापर्यंत पोचली आणि तिच्या गावात ३१ मार्च म्हटलं की आपल्याला फक्त घरपट्टीची शेवटची तारीख आठवते, हे काही बरं नाही.

तुमच्या गल्लीतलं, वाड्यातलं, स्टेशनातलं असं काही माहीत असेल तर खाली लिहा. फक्त कुठे वाचलंत किंवा कुणाकडून ऐकलंत, तेही लिहा. आणि माझं काही चुकलं असेल तर बिनधास्त सांगा, दुरुस्त करतो.