छातीवरची गोळी : लक्षण आणि लक्षणा

मराठी लेखनात छाती ही शरीराचा अवयव म्हणून क्वचितच येते. ती फुगते, दडपते, धडधडते; आणि तिच्यावर गोळी झेलली की वाक्य संपते. इतिहासातली दोन उदाहरणे मात्र या पूर्णविरामाच्या पुढची आहेत.

१४ ऑक्टोबर १९१२ रोजी मिलवॉकी येथे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यावर गोळी झाडली गेली. खिशातले घडी घातलेले ५० पानी भाषण आणि चष्म्याचे धातूचे घर भेदून ती छातीत शिरली, पण तोवर तिचा जोर ओसरला होता. (हाच प्रसंग एखाद्या कथेत आला असता, तर आम्ही तो कृत्रिम ठरवला असता.) रूझवेल्टांनी हातावर खोकून पाहिले. रक्त नव्हते, तेव्हा फुप्फुस शाबूत आहे असे समजून ते जवळजवळ दीड तास बोलले. निष्कर्ष बरोबर निघाला, तरी धाडस अनुकरणीय खचितच नव्हे : फुप्फुसाला इजा होऊनही खोकल्यात रक्त न येणे शक्य असते.

३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये गोळी लागली तेव्हा, मोटारीत ढकलले गेल्याने बरगडी मोडली असावी, असे रेगन यांना वाटले. मोटार व्हाइट हाउसकडे निघाली होती. ओठांवर लालभडक, फेसाळ रक्त दिसताच सुरक्षा अधिकारी जेरी पार यांनी ती रुग्णालयाकडे वळवली. फेस म्हणजे रक्तात हवा, आणि हवा म्हणजे फुप्फुस. आम्ही वर्गात लक्षणा शिकवतो. इथे लक्षणाचे अचूक वाचन जीव वाचवून गेले. रुग्णालयात शिरताच रेगन कोसळले. छातीत नळी घालून साचलेले रक्त काढले, शिरेतून नवे दिले. स्राव थांबेना म्हणून छाती उघडावी लागली. गोळी हृदयापासून सुमारे इंचभर अंतरावर सापडली.

छातीच्या अशा जखमेत धोका असतो तो फुप्फुसाला दाबून टाकणाऱ्या हवेचा आणि रक्ताचा. पुष्कळदा ती नळीच पुरेशी होते. गोळी चिमट्याने काढून ताटलीत टाकणे हा चित्रपटांचा संकेत. तिच्या शोधापायी १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या पाठीतल्या जखमेत न धुतलेली बोटे घातली गेली. ७९ दिवसांनी ते गेले. रूझवेल्टांच्या डॉक्टरांनी क्ष-किरणांनी गोळी पाहिली आणि तिथेच राहू दिली. १९१९ मध्ये रूझवेल्ट वारले, तेव्हाही ती छातीतच होती.