गंजिफा : पानांवरील जामदारखाना

इ. स. १५२७ मध्यें बाबर बादशहानें सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफांचा एक जोड पाठविला. शाह हसनाला या खेळाचा मोठा षोक होता व त्यानें पानें मागितलीं होतीं, एवढेंच बाबराच्या आत्मवृत्तांत नमूद आहे. फारसींत ‘गंज’ म्हणजे खजिना. खेळाचें नांव त्यावरूनच पडलें असें कित्येकांचें मत आहे. आणि जुन्या आठरंगी जोडाकडे पाहिलें म्हणजे तें मत ग्राह्य वाटूं लागतें.

हा जोड शहाण्णव पानांचा. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात व किमाश असे त्याचे आठ रंग. प्रत्येकांत एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. या नांवांचे अर्थ लावून पाहावे : मुकुट, रुप्याचें नाणें, तलवार, चाकर, वीणेसारखें वाद्य, सोन्याचें नाणें, पैशाची चिठ्ठी आणि कोठीचा माल. जुन्या मराठी दफ्तरांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना ‘बरात’ परकी वाटणार नाहीं. पेशवाईच्या कागदांत वसुलावर दिलेल्या चिठ्ठीला ‘वरात’ म्हणतात, तोच हा शब्द. इस्पीक-बदाम पाहून घरांत काय शिल्लक आहे हें कळत नाहीं. गंजिफांचे आठ रंग मात्र ओळीनें मांडले तर राजवाड्याची यादीच तयार होते.

अकबराच्या काळीं ही यादी अधिक बोलकी झाली. ‘आईन-इ-अकबरी’ंत अबुल फजलनें दरबारी पानांचें वर्णन मोठ्या बारकाईनें दिलें आहे. सोन्याच्या रंगांत राजा द्रव्य वांटीत आहे, वजीर खजिना तपाशीत आहे, आणि बाकीच्या पानांवर जवाहिऱ्या, धातु वितळविणारा, वजन करणारा, नाणें पाडणारा, मोहरा मोजणारा अशीं माणसें आहेत. तलवारीच्या रंगांत राजा पोलादाची पारख करतो, वजीर शस्त्रागार पाहतो, आणि त्यांच्यामागें हत्यारें घडविणारे व शिकलगार. बरातेच्या रंगांत वजीर दफ्तर पुढ्यांत घेऊन बसला आहे. त्याच्या हाताखालीं कागद करणारा, रेघा आंखणारा व नोंदी लिहिणारा कारकून. किमाशांत ओझ्याचीं जनावरें. शिवकालीन अठरा कारखान्यांचीं नांवें ज्यांनीं वाचलीं आहेत (खजिना, जवाहिरखाना, जामदारखाना, सिलेखाना, दफ्तरखाना) त्यांना हें सारें ओळखीचें वाटेल.

तथापि डाव सुरू झाला कीं या चित्रांना फारसा अर्थ उरत नसे. तलवारीचें पान नाण्याला कापीत नाहीं. श्रेष्ठ-कनिष्ठ एवढाच भेद. तीन भिडू, प्रत्येकीं बत्तीस पानें, आणि हुकुमाचा रंग मुळींच नाहीं. कोणत्या रंगाचीं कोणतीं पानें उतरलीं हें ज्याच्या ध्यानांत राहील तो जिंकणार. पानावरचा कारकून सुखानें नोंदी लिहितो, पण खेळणाऱ्याला सगळा जमाखर्च डोक्यांत ठेवावा लागतो!

महाराष्ट्रांत दशावतारी जोड रूढ झाला, व त्याची कीर्ति सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं वाढविली. येथें पानें एकशें वीस आणि रंग दहा. राजाची कोठी जाऊन तिच्या जागीं देवांचीं चिन्हें आलीं : मत्स्याचा मासा, कूर्माचें कासव, वामनाचा कमंडलु, परशुरामाचा परशु. दिवसा रामाच्या रंगानें डाव सुरू करावयाचा, रात्रीं कृष्णाच्या. परशु परशुरामाचाच राहिला. तो दुसऱ्या कोणाला देण्याची या खेळांत सोय नव्हती.

वस्तूचें पान एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जावें आणि त्याबरोबर वस्तूची मालकीहि जावी, हें घडलें तें फार पुढें व फार दूर. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यांत एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो व बाकीचे योद्धा, मांत्रिक अशीं सोंगें घेऊन त्यांतून वाट काढतात. प्रत्येकाजवळ दोर, मशाली, हत्यार, शिधा. किती ओझें नेतां येईल यालाही नियम. आरंभींच्या नियमांत तें ओझें चक्क सोन्याच्या नाण्यांच्या भारांत मोजीत. हा हिशेब कागदावर पेन्सिलीनें लिहावयाचा, पुसावयाचा, पुन्हां लिहावयाचा. पुसून पुसून कागद विरतो, आणि मशाली सहा होत्या कीं चार यावर भांडण जुंपतें. म्हणून कित्येक मंडळ्यांनीं एका वस्तूला एक पान अशी रीत धरली. तलवार सोबत्याला दिली कीं पान त्याच्या हातीं जातें; औषध घेतलें कीं पान सूत्रधाराकडे परत. वस्तु जादूची असेल तर तिचा गुण पानाच्या पाठीवर लिहितात व वेळ येईपर्यंत पान उलटूं देत नाहींत. रीत निर्दोष नाहीं. खेळ लांबला कीं पानांचा ढीग होतो, आणि नेमकें दोराचें पान सांपडत नाहीं. पण ज्याच्या हातीं पान त्याचा माल, हा न्याय लहान मुलालाही समजावून सांगावा लागत नाहीं. अकबराच्या पानांवर सगळी कोठी होती. तिचा असा उपयोग करावा हें मात्र त्या काळीं कोणास सुचलें नाहीं.

त्या जुन्या पानांची पुढली हकीकत सुखाची नाहीं. चिंध्यांचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनें चिकटवावे, घोटून वाटोळे कापावे, प्रत्येक पान हातानें रंगवावें आणि वर लाखेचा हात द्यावा, इतक्या खटाटोपाचा जोड छापील पत्त्यांपुढें कसा टिकणार? सावंतवाडीची ही कला बुडण्याच्या बेतांत असतां १९७१ च्या सुमारास शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं ती हातीं घेतली. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराची विद्या त्यांनीं पुढें चालविली आणि राजवाड्यांतच काम सुरू केलें. त्यामुळें आजही तेथें दशावतारी जोड तयार होतो व रंगविलेल्या लाकडी पेटींत बसतो. मात्र घेणारे बहुतेक तो शोभेची वस्तु म्हणून घेतात. चाळीस पानें हातांत धरून उरलेल्या ऐंशींचा माग ठेवणारे भिडू क्वचितच आढळतात. पाहुण्यांसमोर पेटी उघडते, मासा आणि परशु दाखविले जातात, आणि झांकण पुन्हां लागतें.